बाई, यात नोकरी कुठे लागते? : नववी-दहावीची मुलं आणि पर्यावरण क्षेत्र

वहाळकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेची हरित सेना गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. ५ जूनला रोपं लावायची, प्रभातफेरी काढायची, घोषवाक्यं, चित्रकला स्पर्धा, पाऊस उघडला की प्लास्टिक गोळा करायचं. मुलं मनापासून करतात, मीही करते.

गेल्या महिन्यात असाच कार्यक्रम झाल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे शिकून नोकरी कुठे लागते?" तिचे वडील औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला आहेत. ती उगाच विचारत नव्हती. मी म्हटलं, "खूप ठिकाणी." "म्हणजे कुठे?" मला एकाही जागेचं नाव धड सांगता आलं नाही. घरी आले तरी ते डोक्यातून गेलं नाही.

नववी-दहावीला आता जलसुरक्षा हा विषय आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा. पुस्तकं चांगली आहेत. पण बहुतेक ठिकाणी प्रकल्पवही एकाची बघून दुसरा उतरवतो आणि श्रेणी मिळते. त्यातून कामाची ओळख होत नाही.

इथे या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. तुम्ही दिवसभर हातानं नेमकं काय करता? त्यातलं शाळेत काय शिकायला हवं होतं असं आज वाटतं? दहावीनंतर कुठली वाट धरायची? आमच्याकडची बरीचशी घरं बारावीनंतर मुलाला पुण्या-मुंबईत ठेवू शकत नाहीत, तेही लक्षात घेऊन सांगा.

---

निवळशंख

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. मी दहावीनंतर आयटीआयला एओसीपी केलं, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट. दोन वर्षांचा ट्रेड आहे. मग अप्रेंटिसशिप आणि तिथून सांडपाणी प्रक्रियेवर. आज एका वसाहतीच्या सामायिक केंद्रावर शिफ्ट सांभाळतो. हे पर्यावरणाचं काम आहे असं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाही ते बऱ्याच उशिरा कळलं.

सकाळचं पहिलं काम सांगतो. एरेशन टाकीतून, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतून, एक लिटरचा सिलिंडर भरायचा, सपाट जागी ठेवायचा, घड्याळ लावायचं. तीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. तपकिरी गाळ हळूहळू खाली बसतो आणि वर निवळ पाणी दिसायला लागतं. अर्ध्या तासानं गाळाची पातळी वाचायची. समजा ३०० मिली आली. लॅबनं सांगितलं की टाकीत लिटरमागे ३ ग्रॅम घन पदार्थ आहे. ३०० भागिले ३ म्हणजे १००. हा झाला गाळाचा निर्देशांक. तो दीडशेच्या वर चढायला लागला की गाळ फुगतोय, नीट बसणार नाही, पाण्याबरोबर पुढे वाहून जाईल. भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. पण १०० आलं तर काय आणि १८० आलं तर काय करायचं, एवढं समजणारा पोरगा शिफ्टला मिळत नाही हो.

तो गाळ म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव. सांडपाण्यातली घाण तेच खातात. त्यांना ऑक्सिजन लागतो, म्हणून ब्लोअरनं सतत हवा सोडायची आणि टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका ठिकाणी होतो, नाव सांगत नाही. तिथे वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवायला सांगायचे आणि लॉगबुकात मात्र 'चालू' लिहायचं. मी तेवीस वर्षांचा होतो, नवी नोकरी होती. लिहिलं. थोड्याच दिवसांत टाकी काळी पडली, सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि ते पाणी तसंच नाल्यात गेलं. खाली गावात लोकांची गुरं त्या नाल्यावर यायची. ते 'चालू' माझ्या अक्षरातलं आहे, हे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून ताई, माझं एकच मागणं आहे. मुलांना मोजायला शिकवा आणि जे आलं तेच लिहायला शिकवा. या धंद्यात बाकीचं सगळं आम्ही कामावर शिकवतो. ही एक सवय मोठेपणी लावायला गेलं तर लागत नाही.

नोकऱ्यांचं म्हणाल तर १९७४ च्या पाणी कायद्यामुळे कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, त्यात प्रक्रिया केंद्राची अट येते. शिवाय नगरपालिका, मोठी रुग्णालयं, हॉटेलं, गृहसंकुलं, सगळीकडे छोटी-मोठी केंद्रं आहेत. मोठी केंद्रं तीन पाळ्यांत चालतात. सुरुवात बहुधा कंत्राटदाराकडे किमान वेतनावर होते, हे मुलांपासून लपवू नका. पुढे डिप्लोमा केला तर वर चढता येतं. मी नोकरी करत केमिकलचा डिप्लोमा केला.

---

माजघर

धागा वाचते आहे. माझी मुलगी दहावीत आहे, तिला हे वाचून दाखवलं. एक शंका मनापासून विचारते. गटारात, टाकीत उतरून माणसं गेल्याच्या बातम्या वाचतो आपण. अशा ठिकाणी मुलीला पाठवायचं का?

---

निवळशंख

ताई, ही काळजी अगदी बरोबर आहे. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. थोडा असताना वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. माणूस फसतो तो तिथे. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे. आमच्याकडे गॅस मीटर, परवाना, बाहेर दोर धरून उभा माणूस, याशिवाय झाकण उघडत नाही. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, 'उतर' म्हटलं तरी उतरायचं नाही. साधनांशिवाय उतरवणं हाच कायद्यानं गुन्हा आहे.

बाकी आमच्या लॅबमध्ये दोन मुली आहेत आणि कंट्रोल रूमला एक. कामात कुठेही कमी नाहीत.

---

वनवाट

मी वनरक्षक आहे, विदर्भात. वनरक्षकाच्या भरतीला बारावी लागते, आणि विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यापैकी एखादा विषय घेतलेला असावा लागतो. दरवेळची जाहिरात मात्र नीट वाचा, अटी बदलतात. मुली पुष्कळ येताहेत आता.

लोकांना वाटतं जंगलात धावता आलं की झालं. धावावं लागतंच, पण नंतर खरं काम कागदाचं आणि आकड्यांचं. दर चार वर्षांनी देशभर वाघांची गणना होते, तेव्हा आम्ही बीटमध्ये, म्हणजे आमच्या वाट्याच्या जंगलात, ठरलेल्या रेषेवरून पहाटे चालतो. चितळ दिसलं की किती दिसली, किती अंतरावर आणि कंपासवर कुठल्या दिशेला, ते तिथेच लिहायचं. चितळ ६० मीटरवर आहे आणि आमच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतंय, तर रेषेपासून ते किती दूर? साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणजे ३० मीटर. दहावीतली त्रिकोणमिती. मला शाळेत कुणी सांगितलं असतं की हे चितळं मोजायला लागतं, तर मी तो धडा ऑप्शनला टाकला नसता.

ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी दापोलीला आणि अकोल्याला कृषी विद्यापीठांची वनशास्त्र महाविद्यालयं आहेत, बारावी विज्ञाननंतर चार वर्षं. ताई, दापोली तर तुमच्याच जिल्ह्यात! मुलांना एक दिवस घेऊन जा, रोपवाटिका बघू द्या. एमपीएससीतून वनक्षेत्रपाल होता येतं.

---

कृष्णाकाठ

थोडं वेगळं मत मांडतो. नववीतल्या मुलाला करिअरला जुंपायची घाई नको. आणि 'हरित रोजगार' या शब्दानं मुलांना भुलवूही नका. सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली तेव्हा आमच्या तालुक्यात सोलर पॅनल बसवायला दहा-बारा पोरं लागली. काम आहे, नाही असं नाही. पण पत्र्यावर बिनापट्ट्याचं चढायचं, विमा नाही, पैसे नगावर. माझा भाचा पडला, पाय मोडला, ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलं. पर्यावरणाचं काम म्हणून ते आपोआप चांगलं काम होत नाही.

---

वहाळकाठ

@कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याचं वाचून वाईट वाटलं. आता बरा आहे ना? तुमचा मुद्दा मी टिपून घेतला आहे. नियुक्तीपत्र, भविष्य निर्वाह निधी, विमा, सुरक्षा पट्टा, हे विचारायला मुलांना शिकवणं हाही तयारीचाच भाग. दहावीच्या निरोप समारंभाआधी एक तास मी यासाठी ठेवणार आहे.

जुंपायचं मात्र माझ्या मनात नाही. आमची निम्मी मुलं दहावीनंतर लगेच काहीतरी निवडतात, निवडावंच लागतं. माहिती नसेल तर शेजारचा जिथे गेला तिथे जातात.

---

नकाशावही

भूगोलाला वाली नाही म्हणून मी लिहितो. मी पाणलोटाच्या कामात नकाशे करतो. बीए भूगोल, मग जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे करायच्या तंत्राचा, एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. भूजल सर्वेक्षण यंत्रणा, कृषी खातं, जलसंधारणात काम करणाऱ्या संस्था, सल्लागार कंपन्या, सगळ्यांना नकाशा करणारा माणूस लागतो.

शाळेत काय करता येईल? स्थलनिर्देशक नकाशा घ्या, १:५०,००० चा, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यावर आपलं गाव शोधा. समोच्च रेषा बघून डोंगराचा माथा पेन्सिलीनं जोडत जा. त्या रेषेच्या आत पडलेला प्रत्येक थेंब तुमच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, येतो. 'माथा ते पायथा' हा शब्द मुलांनी ऐकलेला असतो, तो अशा वेळी त्यांच्या बोटाखाली येतो. मग तोच डोंगर चढून बघा.

पुढे एक हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला तर १०,००० लिटर पाणी होतं. शाळेच्या गच्चीचं क्षेत्रफळ मोजा, पर्जन्यमापक ठेवा, रोज सकाळी ठरल्या वेळेला वाचा. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली म्हणून गाव सावरलं. तो ताळेबंद अशाच रोजच्या नोंदींवर उभा असतो. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीतूनही शिकवणारे व्हिडिओ सापडतात. शाळेच्या जुन्या संगणकावर चालेल का, ते बघावं लागेल.

---

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत राहते. माझ्या शेजारचा मुलगा शाळा संपल्यावर नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्रावर तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतोय. काही दिवस केंद्रावर, काही दिवस व्यवसाय शाळेत, आणि दर महिन्याला विद्यावेतन. शेवटी परीक्षा आणि मान्यताप्राप्त पदवीसारखं प्रमाणपत्र. २०२४ पासून या व्यवसायाच्या नावातच त्यांनी 'पर्यावरण तंत्रज्ञ' हा शब्द घातला आहे. निवळशंख दादांचं काम वाचताना सारखं वाटत होतं की हे तेच काम. फरक एवढाच की इथे त्या मुलाची आई ते अभिमानानं सांगते.

---

शंभरमिली

मी रसायनशास्त्रात बीएस्सी, पर्यावरण प्रयोगशाळेत चौदा वर्षं. आमच्याकडे कारखान्यांचे, नद्यांचे, विहिरींचे नमुने येतात. कारखान्याचं पाणी नदी-नाल्यात सोडायचं तर सामू ५.५ ते ९, सीओडी (घाण रसायनानं तोडायला लागणारा ऑक्सिजन) २५० आणि बीओडी (तीच घाण सूक्ष्मजीवांनी खाताना लागणारा ऑक्सिजन) ३० लिटरमागे मिलिग्रॅमच्या आत, अशी सर्वसाधारण मानकं आहेत. बीओडी म्हणजे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि त्यातला ऑक्सिजन किती संपला ते बघायचं. अहवालावर सही करणारा पदवीधर, पण नमुना घेणारा, बाटल्या धुणारा, नोंद ठेवणारा बारावी किंवा आयटीआयचाही असतो. आयटीआयला लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट हा ट्रेड आहे, ताईंच्या मुलींना नक्की सांगा.

आणि ताई, हायस्कूलमध्ये एक खरी चाचणी करता येईल. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा नको. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका, नसेल तर पांढरा. मग सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळून पिवळसर द्रावण. त्यातलं २०० मिली घेऊन ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, थायोसल्फेट थेंबाथेंबानं सोडायचं, यालाच टायट्रेशन म्हणतात. रंग फिका पडला की स्टार्च, निळं होतं, आणि एका थेंबाला ते निळं नाहीसं होतं. ०.०२५ नॉर्मल द्रावण वापरलं तर जितके मिली लागले तितके साधारण लिटरमागे मिलिग्रॅम ऑक्सिजन.

आम्ल आणि अल्कली-आयोडाइड तुम्ही स्वतः घाला, हातमोजे-चष्मा घालूनच. त्या द्रावणात अझाइड असतं, ते विषारी आहे. उरलेलं वहाळात ओतू नका, डब्यात जमवा, मी सांगते काय करायचं ते. थायोसल्फेट मी प्रमाणित करून देते. ब्युरेट आहेत का शाळेत?

---

वहाळकाठ

एक आहे, तिची चोच तुटलेली. शंभरमिली ताई, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

---

वहाळकाठ (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांना सांगायचं म्हणून सविस्तर लिहिते.

तीन शनिवार आम्ही वहाळावर गेलो. नववीची चौदा मुलं, मी आणि आमचे शिपाईमामा. दोन गट केले. एक वरच्या पुलाजवळ, दुसरा बाजाराच्या खाली. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती बाजाराच्या गटात होती. बाटली भरताना दोनदा बुडबुडा राहिला, दोन्ही वेळा तिनं स्वतःच ओतून टाकलं. तिसऱ्यांदा गुडघाभर पाण्यात बसून, मान वाकडी करून, बूच पाण्याखालीच लावलं. युनिफॉर्म पार भिजला.

प्रयोगशाळेत आल्यावर वरच्या पाण्यात गडद तपकिरी साका आला, खालच्यात जरा फिका. मुलांची डोकी एकमेकांवर आपटत होती बघायला. टायट्रेशन तिनं केलं. निळं गेलं तेव्हा वर्गात कुणी बोलत नव्हतं. वरच्या पुलाचं ६.८ आलं. बाजाराखालचं ४.१.

तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचं चुकलंय वाटतं, ६.५ लिहू का?" त्याला वाटलं कमी आकडा म्हणजे कमी मार्क. निवळशंख दादा, मी त्याला तुमची ब्लोअरची गोष्ट सांगितली, नाव-गाव न सांगता. सगळे गप्प झाले. मग त्या मुलीनंच वहीत ४.१ लिहिलं आणि खाली लिहिलं, 'पुढच्या शनिवारी परत बघणे.' पुढच्या शनिवारी ४.३ आलं, त्याच्या पुढच्या ३.९. आता मुलं बाजाराच्या खाली कुठलं पाणी वहाळाला मिळतं ते नकाशावर टिपताहेत. नकाशावही दादांनी सांगितल्याप्रमाणे स्थलनिर्देशक नकाशा मोठा करून फळ्याशेजारी लावला आहे. तिघांनी पाणलोटाची रेषा काढली, तिन्ही वेगळ्या आल्या, म्हणून येत्या रविवारी माथ्यावर जाऊन बघायचं ठरलं आहे.

ग्रामपंचायतीला हे आकडे द्यायचे का, असं मुलं विचारताहेत. मला वाटतं द्यावेत, पण निदान दहा आठवड्यांची नोंद झाल्यावर. घाईनं दिले तर कुणीही खोडून काढेल.

परवा त्या मुलीचे वडील शाळेत आले होते. एरवी पालकसभेलाही त्यांना सुट्टी मिळत नाही. लॅबोरेटरी असिस्टंटचा ट्रेड कुठल्या आयटीआयला आहे, दहावीला किती टक्के लागतील, मुलींना वसतिगृह आहे का, असं सगळं विचारलं. मी या वेळी 'खूप ठिकाणी' म्हटलं नाही. धाग्यावरचं सगळं एका कागदावर उतरवून ठेवलं होतं, तो त्यांना दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, आमच्या कंपनीतच प्रक्रिया केंद्र आहे, साहेबांना विचारतो मुलांना बघायला आणू देतात का.

---

माजघर

वाचून दाखवलं लेकीला. ती म्हणते आमच्या शाळेतही करायचं. तुमच्या नोंदीचा तक्ता कसा आखलाय, फोटो टाकाल का?

---

निवळशंख

ताई, ४.१ लिहिणाऱ्या पोरीला माझा नमस्कार सांगा. कंपनीनं परवानगी दिली नाही तर आमच्या केंद्रावर आणा मुलांना, मी साहेबांशी बोलून ठेवलंय. बंद बूट घालून यायला सांगा. सिलिंडर त्यांच्याच हातानं भरून घेऊ.

---

शंभरमिली

दोन ब्युरेट आणि अर्धा लिटर थायोसल्फेट आज पाठवलं आहे. बाटली गडद रंगाची आहे, उन्हात ठेवू नका. पंधरा दिवसांनी मला थोडं परत पाठवा, तपासून देते.

---

वहाळकाठ

@माजघर, तक्त्याचा फोटो रात्री टाकते. तारीख, वेळ, जागा, पाण्याचं तापमान, ऑक्सिजन, पाऊस पडला होता का, आणि कुणी मोजलं त्याची सही, असे सात रकाने आहेत. तापमान सोडू नका. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना साधारण ९ तर ३० ला साडेसात, म्हणून तापमानाशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

@शंभरमिली, पार्सल पोचलं, सगळं शाबूत. एका ब्युरेटची तोटी थोडी गळते आहे, तिला व्हॅसलीन लावून बघते. उद्या शनिवार.